आदल्या दिवशीचा कोनमापक

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, थोरल्या अक्काला नाही — आणि अक्काला न सांगितलेलं माझ्या आयुष्यात दुसरं काही नाही. दोन वर्षांपूर्वी माझी झोप उडाली होती, तेव्हा देशपांडे नगरातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, मनाला काही लागून राहिलंय का म्हणून. मी म्हटलं, छे हो, पित्त असणार. त्यांनी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या आणि मी त्या महिनाभर इमानेइतबारे घेतल्या. म्हणजे बघा, एकदा खोटं बोलले की ते निभावण्यात मी कसूर करत नाही.

तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मध्ये बोलणार नाही म्हणून असेल. गेले महिनाभर मला एका जागी बसवत नाही. पोळी लाटताना हात थांबतो, बसमध्ये माझा थांबा आला तरी उठायचं राहून जातं. वर्गात एका मुलीने जे म्हटलं, त्यानंतर हे सुरू झालं. पण तिथून सांगायला लागले तर तुम्हाला काही कळायचं नाही. आधीचं सांगावं लागेल.

मी शिक्षिका आहे. धारवाडच्या एका हायस्कूलमध्ये गणित शिकवते, चौदा वर्षं झाली. माहेर हुबळीचं, दाजीबानपेठेतलं — अप्पांचं कापडाचं दुकान, आता भाऊ बघतो. सासरही हुबळीतच, म्हणून रोज सकाळी बस धरून धारवाडला यायचं आणि संध्याकाळी परत. शाळेत माझं नाव बरं आहे. अवघड वर्ग असला की माझ्याकडे देतात. पालक म्हणतात, या मिस् घाई करत नाहीत, पोराला उत्तर सुचेपर्यंत थांबतात. हे ऐकलं की माझी बसल्या जागी चुळबुळ सुरू होते. लोकांना वाटतं, काय विनय आहे बाईचा. विनय कसला? चोराच्या मनात चांदणं.

कारण ते थांबणं माझं नाहीच. ते मला गिरिजाने शिकवलं. आणि मी तिला त्याची परतफेड कशी केली — सांगते. सरळ येत नाही तोंडातून, थोडं फिरून येऊ दे.

आम्ही दोघी धारवाडला बी.एड.ला एकत्र होतो. गिरिजा धारवाडचीच. वडील सरकारी कचेरीत, घरात आमच्यासारखीच मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की कन्नड. वर्गात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून पहिल्या दिवसापासून एका बाकावर. तिच्या डब्यातली शेंगाचटणी माझी आणि माझ्या डब्यातलं लोणचं तिचं. बी.एड. केलेल्यांना ठाऊक असेल, बाकीच्यांना सांगते: त्या वर्षात पुस्तकं कमी आणि सराव पाठ जास्त. गावातल्या शाळांत जाऊन खऱ्या मुलांपुढे तास घ्यायचा. तुम्ही फळ्यापाशी शिकवत असता आणि शेवटच्या बाकावर तुमच्याच वर्गातल्या दोघी निरीक्षण वही घेऊन बसलेल्या असतात. काय चांगलं झालं, काय सुधारायला हवं ते त्यांनी लिहायचं आणि खाली सही करायची. दुसऱ्या दिवशी त्या फळ्यापाशी आणि तुम्ही मागे.

यातून काय होणार? पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचा न बोलता करार झाला. तू माझं चांगलं लिही, मी तुझं लिहिते. आमच्या इकडच्या कन्नडात चांगल्याला 'चलो' म्हणतात. वह्यांत पानोपानी तेच — प्रस्तावना चलो, आवाज चलो, फळ्यावरचं अक्षर चलो. सुधारणेचा रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून तिथे 'खिडकी उघडून घ्यावी' असलं काहीतरी. आमच्या मार्गदर्शक मॅडम ती पानं उलटत आणि नुसत्या हसत. त्याही कधीकाळी त्याच बाकावर बसलेल्या होत्या ना.

गिरिजा त्या करारात नव्हती. ती फार तत्त्वाची वगैरे होती असं समजू नका. तिला असा काही करार झाला आहे हेच कळलं नव्हतं. 'सुधारणा' असं छापलंय म्हटल्यावर ती बघायची काय सुधारता येईल, आणि लिहायची. तुमच्या साडीची निरी सुटली असेल तर ती जशी सांगायची, तसंच. आणि तिला कुणी काही सांगितलं तर? एकदा मी सहज म्हटलं होतं, फळ्याच्या खालच्या बाजूला लिहितेस ते मागच्यांना दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती धावत माझ्याकडे आली — आज दिसलं का गं? तिला लागत कसं नाही, याचा मला तेव्हाच राग आला होता.

कारण मला लागायचं. मी दुकानदाराच्या घरातली. अप्पांचं एक वाक्य आम्ही भावंडं ऐकतच मोठी झालो: मालाला नावं ठेवणारा एक तर घेणार असतो, नाही तर वैरी असतो. गिऱ्हाईक म्हणालं, रंग जाईल हो याचा, की अप्पा खूश — म्हणजे आता भाव पाडून घेणार. आणि शेजारचा दुकानदार म्हणाला, की वैर. तिसरा प्रकार आमच्या पेढीवर कधी आलाच नाही. कुणी काही न घेता, काही न मागता, केवळ कापड चांगलं निघावं म्हणून नावं ठेवेल — हे मला माहीतच नव्हतं.

माझ्या एका पाठानंतर गिरिजाने वहीत लिहिलं. कन्नडात होतं, पण मला शब्दन् शब्द पाठ आहे, मराठीत सांगते. तयारी उत्तम. मात्र ही प्रश्न विचारते आणि मुलांचे हात वर जायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळी होते. आठ प्रश्न विचारले, आठही उत्तरं हिचीच. विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजून थांबावं.

आणि त्याच दिवशी नेमक्या मॅडमनी ते पान उचललं. चाळीस जणांपुढे मोठ्याने वाचलं. अखेर एकीने तरी डोळे उघडे ठेवून पाठ पाहिला, म्हणाल्या. वर्ग हसला. वाईट मनाने नाही हो — आठही उत्तरं हिचीच, हे हसण्यासारखंच होतं. मीही हसले. गिरिजाकडे बघून मान डोलावली, थँक्यू म्हटलं. नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या आणि मी हसत होते.

आता लक्ष देऊन ऐका, कारण इथे मी कशी आहे ते कळतं. पुढच्या पाठाला मी प्रश्न विचारला आणि मनात मोजलं. एक, दोन, तीन. शांतता फार लांब वाटते हो फळ्यापाशी उभं राहिल्यावर. आणि तिसऱ्यानंतर मागच्या कोपऱ्यातल्या एका पोराने, ज्याचा आवाजही मी कधी ऐकला नव्हता, उठून उत्तर दिलं. बरोबर दिलं. तोवर मला शिकवणं म्हणजे आपण नीट बोलणं वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की तसं नाही.

तास संपल्यावर गिरिजा आली, तिचा चेहरा नुसता फुललेला. "आज थांबलीस की गं."

मी म्हटलं, मी आधीही थांबायचेच, तुला तेवढं दिसलं नव्हतं.

ती म्हणाली, असेल, माझंच लक्ष नसेल. आणि खरंच तिला तसं वाटलं. माझ्या शब्दावर तिने स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवलं. हे तिचं असं होतं — हे मला त्या दिवशीच कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी काय सांगू?

बाहेरून सगळं पूर्वीसारखं. डबा एक, बाक एक. पण आत एक शंका येऊन बसली होती, आणि ती जात नव्हती. आठ प्रश्नांची आठ उत्तरं मी देत होते आणि मला स्वतःला ते दिसलं नव्हतं — मग आणखी काय काय दिसत नसेल? शिकवता शिकवता मधेच माझाच आवाज मला ऐकू यायचा. मुलं हसली की वाटायचं, मला हसली. हे मी गिरिजाला विचारू शकले असते. तिने दोन मिनिटांत सांगितलं असतं, हे चुकतं, हे चुकत नाही, आणि शंका निम्मी झाली असती. पण तिला विचारायचं म्हणजे ती बरोबर होती हे मान्य करायचं. त्यापेक्षा मी ती शंका सांभाळत बसले, आणि शंका दिली तिने म्हणून तिच्यावर जळत राहिले.

वर्षाच्या शेवटी परीक्षेचा पाठ असतो. बाहेरगावचे परीक्षक येतात, शाळेच्या मुख्याध्यापिकाही बसतात. एकाच तासावर वर्षभराची मेहनत. गिरिजाला घरून पुढे वेळ मिळणार नव्हता, तिने मला सांगितलं होतं. वडिलांना निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, स्थळं बघणं सुरू झालेलं. पाठ चांगला होऊन कुठे तरी शिकवायला लागले तर लग्न थांबवतील, नाही तर उरकून टाकतील, म्हणाली होती. म्हणजे तो पाठ तिच्यासाठी काय होता, हे मला पक्कं ठाऊक होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तिने मला रिकाम्या वर्गात बोलावलं. विषय होता त्रिकोणाचे कोन — तिन्हींची बेरीज एकशेऐंशी येते, हे मुलांना मोजून दाखवायचं. "शेवटच्या बाकावर बस आणि परीक्षकासारखी बघ," ती म्हणाली. "काही चुकलं तर आत्ताच सांग की. उद्या त्यांच्यापुढे नको." माझ्या हातात निरीक्षण वही दिली.

तिने पुठ्ठ्याचा मोठा त्रिकोण फळ्याला लावून कडेने आखून घेतला. मग शाळेचा तो लाकडी कोनमापक घेतला. तुम्ही पाहिला असेल, ताटाएवढा अर्धगोल. आपल्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला खाली जराशी पट्टी असते, याला चांगली दोन बोटं रुंद होती. मोजायची रेघ आणि मधलं भोक त्या पट्टीच्या वर. भोक त्रिकोणाच्या कोपऱ्यावर यायला हवं. पण रेघ झिजून पुसट झालेली, आणि गिरिजाने हा प्रकार आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलेला. तिचे आधीचे सगळे पाठ अपूर्णांकांचे आणि समीकरणांचे. तिने लाकडाची खालची कडच त्रिकोणाच्या बाजूवर टेकवली. भोक कोपऱ्यापासून दोन बोटं वर राहिलं. असं ठेवलं की प्रत्येक कोन दोन-चार अंशांनी कमी दिसतो. त्या दिवशी ते उघड झालं नाही, कारण पुठ्ठा तिनेच कापलेला, कोन तिला पाठ. कोनमापक नुसता टेकवून ती काल्पनिक मुलांना म्हणत गेली — पन्नास, साठ, सत्तर. किती झाले? छान.

मला दिसलं. पहिल्याच कोनाला दिसलं. त्याआधीच्या आठवड्यात मी तोच कोनमापक वापरला होता आणि तशीच चुकले होते, मग दुरुस्त केलं होतं.

मी काय केलं? तीन वेळा तिने तो ठेवला आणि तीन वेळा मी पाहिलं. तोंड उघडलं तर एक वाक्य — गिरिजा, दोन बोटं खाली घे. एवढंच. मी मनात मोजत होते, खरंच मोजत होते, तिच्याच पद्धतीने. मग तिने हात झटकले, खडू ठेवला आणि वळून माझ्याकडे बघितलं.

"चलो आगेद," मी म्हटलं. छान झालाय. वहीतही लिहिलं, चलो. सुधारणेच्या रकान्यात लिहिलं, काही नाही. खाली सही केली. तिने वाचलं आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, तू चांगलं म्हटलंस म्हणजे चांगलं असणार, बाकीच्यांचं सोड. बाकीच्या कुणाच्या शब्दाला तिच्या लेखी किंमत नव्हती. माझ्या शब्दाला होती.

दुसऱ्या दिवशी मी मागे बसले होते. परीक्षक, मुख्याध्यापिका, आमच्या मॅडम आणि आम्ही चार-पाच जणी. गिरिजा सुंदर शिकवत होती. कुणाचं वाईट व्हावं म्हणून बसलेल्या माणसाने सांगितलेलं खरं माना. आणि तिचा स्वभावच असा की मोजायचं काम तिने स्वतः केलं नाही, मुलांना बोलावलं. कोनमापक तिने टेकवून धरला, आदल्या दिवशीसारखाच, आणि एका मुलीला म्हणाली, दिसतंय ते वाच. मुलीने दिसलं ते वाचलं. सेहेचाळीस. मग सत्तावन्न. मग अडुसष्ट. वर्गाने बेरीज केली — एकशेएकाहत्तर.

गिरिजा हसली, पुन्हा मोजू म्हणाली. पुन्हा तेच. एका मुलाने विचारलं, मिस्, पुस्तकात चुकलंय का? कुणी हसलं नाही. ती शांतता मला अजून ऐकू येते. तीनपर्यंत नाही, तीसपर्यंत मोजता आलं असतं. मग परीक्षक उठले, फळ्यापाशी गेले, काही न बोलता तिच्या हातातला कोनमापक दोन बोटं खाली सरकवला आणि मुलीला खुणेने वाचायला सांगितलं. पन्नास. ते जागेवर येऊन बसले. गिरिजाचा तास त्यानंतर दहा मिनिटं उरला होता. तिने तो पुरा केला, पण काय बोलत होती ते तिलाही कळत नसावं.

इथवरचं मी मनाशी कैकदा कबूल केलं आहे. मत्सर, राग, कोवळं वय — अशी नावं देऊन कबूल केलं आहे. इथवर माणूस स्वतःला माफही करू शकतो. गप्प तर बसले, कुणीही बसतं. म्हणून मी नेहमी इथेच थांबत आले. पण खरं ते यापुढे आहे.

पाठानंतर ती व्हरांड्यात पाण्याच्या नळापाशी उभी होती. मी गेले. रडत नव्हती ती. उजवा हात पुढे धरून त्याच्याकडे बघत होती, ओळखीचा नसल्यासारखं. मला म्हणाली, "काल बरोबर ठेवला होता ना गं मी? तू होतीस की."

आता सांगा, इथे काय अवघड होतं? नाही, काल पण चुकलेलाच होता. तुझ्या लक्षात आलं नव्हतं, पट्टी रुंद आहे, माझंही तसंच झालं होतं. एवढं म्हटलं असतं तर एका लाकडी वस्तूची गोष्ट झाली असती. चूक कळली, संपलं. पण मग तिने पुढचा प्रश्न विचारला असता — तुला दिसलं होतं, तर बोलली का नाहीस?

मी म्हटलं, "हो. काल बरोबर होता."

"मग हात थरथर कापला असणार माझा," ती म्हणाली.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तिच्या पाठीवरून हात फिरवला. वहीत चलो लिहिलं होतं, तोच हात.

ती पास झाली, पण गुण इतके कमी की त्यांचा उपयोग नव्हता. जूनमध्ये त्या शाळेत गणिताची जागा निघाली आणि मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. तुम्हाला वाटेल, नोकरीसाठी केलं हिने. तसं असतं तर निदान समजण्यासारखं तरी असतं. जागा निघणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. नेमणुकीचं पत्र देताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, "खरे अंद्र" — खरं म्हणजे — माझ्या मनात ती दुसरी मुलगी होती, पण चार माणसांपुढे गांगरणारी मुलगी मी वर्गावर कशी पाठवू? मी पत्र घेतलं. वाकून नमस्कारही केला.

गिरिजाला त्यानंतर एका शाळेतून बोलावणं आलं होतं, नमुना पाठ द्यायला. ती फाटकापर्यंत गेली आणि परत आली. मला येऊन सांगितलं — मला, दुसऱ्या कुणाला नाही. म्हणाली, विषय येतो मला, पण माणसं समोर आली की माझं काय होतं तू पाहिलंयस ना. मी म्हटलं, हो. त्या वर्षीच तिचं लग्न झालं. नवरा भला आहे, तारिहाळला एका कारखान्यात आहे, रोज धारवाडहून जातो. ती दिराच्या औषधांच्या दुकानात बसते. काउंटरवर नाही, आतल्या खोलीत. औषधं लावते, मुदत संपलेली वेगळी काढते. मी एकदा म्हटलं होतं, घरी शिकवण्या घे. नको गं, म्हणाली, चार पोरं समोर बसली की होईल तसंच.

तिला कुणी बरोबर काय चुकलं ते सांगितलं असतं, तर तिने ते खडूच्या भुकटीसारखं झटकून टाकलं असतं. तिला तेवढं नेमकंपण मिळालं नाही. म्हणून तिने सबंध स्वतःलाच चूक ठरवलं. आणि मी? तिने दिलेलं एक वाक्य घेऊन मी चौदा वर्षं नाव कमावलं. आता मला कुणी काही सुधारणा सांगितली की मी कान देऊन ऐकते, वहीत लिहून घेते. आमच्याकडे सराव पाठाला मुली येतात, त्यांना मी सांगते, चलो लिहू नका, खरं लिहा. त्या माझ्याकडे आदराने बघतात. टीका कशी घ्यावी ते मी शिकले. फार नीट शिकले. कुणाच्या जिवावर, ते त्यांना कुठे माहीत आहे?

आता महिन्यापूर्वीचं सांगते. गिरिजाची मुलगी श्रेया यंदा माझ्या वर्गात आहे, सातवीत. घराजवळ दुसऱ्या शाळा होत्या, पण तू आहेस म्हणून तिथेच घालते, असं गिरिजा म्हणाली होती. मुलगी हुशार आहे, वहीत सगळं बरोबर असतं. त्या दिवशी मी तिला फळ्यापाशी बोलावलं, साधं उदाहरण होतं. ती जागेवर उभी राहिली आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मी थांबले. थांबणाऱ्या मिस् ना मी. बराच वेळ थांबले.

"मिस्, मला नको," ती म्हणाली. "आमच्यात ते येतच नाही. माझ्या आईचा पण हात कापायचा. रक्तातच आहे, म्हणते आई."

मी म्हटलं, बस. दुसऱ्या मुलीला उठवलं. तास पुरा केला.

संध्याकाळी फाटकाशी गिरिजा तिला न्यायला आली होती. विचारलं तिने, काय म्हणतेय आमची, फळ्यापाशी येते का? मी काही बोलायच्या आत तिनेच उत्तर दिलं, नाहीच येणार, माझ्यावर गेलीय गं. माझंही बघ ना, आदल्या दिवशी किती नीट झालं होतं. श्रेया आमच्या दोघींच्या मध्ये उभी होती, वर बघत होती. आधी आईकडे, मग माझ्याकडे.

मी म्हटलं, होईल हळूहळू. माझी बस आली होती. गेले.

त्याला महिना झाला. गिरिजा रोज फाटकाशी येते आणि मी रोज तिला हात करते. मी काही सांगितलेलं नाही. उद्या सांगेन असंही म्हणत नाही, असं मी पुष्कळ वेळा म्हटलं आहे. मी मत्सरी होते, ते चालून गेलं असतं. मी भित्री निघाले, आणि अजून आहे. जे झालं ते एवढंच: कोनमापक आदल्या दिवशीही दोन बोटं वरच होता, आणि तिचा हात कापत नव्हता. मी दोन्ही दिवस शेवटच्या बाकावरून त्या हाताकडेच बघत होते. दोन्ही दिवस तो अगदी स्थिर होता.